डिझेल वाढलंय

आमच्या घरात कुठलीच गोष्ट कधी संपली नाही. तांदूळ वाढत, मीठ वाढे, तेल वाढे. हातातली काचेची बांगडी फुटली तरी ती वाढलेलीच असे, नारळ फोडायचा नसे तर वाढवायचा असे, आणि देवापुढचा दिवा विझवायचा झाला तर तोही वाढवायचा. आई चिपळूणची. 'संपलं' हा शब्द तोंडातून बाहेर पडला की घरातलं काहीतरी त्याच्या मागोमाग बाहेर पडतं, असं तिला मनापासून वाटे. म्हणून ती 'जाते' असंही कधी म्हणाली नाही, कायम 'येते'. मी हूफडॉर्प या डच गावातल्या नव्या वस्तीत वाढले, एकसारख्या विटांच्या घरांत, जिथे आपलं दार ओळखायचं तर पुढच्या सायकली बघाव्या लागत. मला मराठी सगळं कळतं असा घरच्यांचा समज होता आणि माझाही होता. आई मराठीत विचारायची, मी इंग्रजीत उत्तर द्यायची आणि भांडण झालं की डचमध्ये शिरायची, कारण तिथे आईची गाडी जरा अडखळे. एवढ्यावर आमचं छान चाललं होतं. हा समज किती पोकळ होता ते आम्हाला एका जुन्या ट्रकने दाखवलं.

सगळे घरात कोंडून बसले होते, ती टाळेबंदीची वर्षं. बाबा पुण्याचे, आयटीत. ऑफिस बंद झाल्यावर त्यांनी आधी जेवणाचं टेबल बळकावलं, मग तिथून हुसकावल्यावर बेडरूममध्ये इस्त्रीच्या टेबलावर लॅपटॉप मांडला आणि दिवसभर उभ्याने 'अ‍ॅम आय ऑडिबल?' असं जगाला विचारत राहिले. माझी शाळा वरच्या खोलीत भरे. खाली आईचा स्वयंपाक चाले, आणि तो काही एका घराचा नसे. बाबांच्या मीटिंगच्या वेळी मिक्सर लावायचा नाही असा नियम होता, त्यामुळे मीटिंग संपली की मिक्सर, कुकर आणि खलबत्ता एकदमच सुरू होत. एकदा कुकरची शिट्टी ऐकून बाबांच्या लंडनच्या साहेबाने तुमच्याकडे आग लागली आहे का म्हणून विचारलं होतं. भाजलेल्या रव्याचा वास जिन्याने वर येई आणि माझ्या गणिताच्या तासात बसे. आज माझ्या स्वतःच्या घरात इतकी शांतता असते की मी कधीकधी मुद्दाम कुकर लावते, दोन वाट्या भातासाठी.

आई या देशात आली ती बाबांच्या व्हिसावर 'अवलंबित' म्हणून. तसं तिच्या कागदावर लिहिलेलंच होतं आणि तो शब्द तिला खड्यासारखा बोचायचा. भाषा शिकली, खेमेन्तेत खेटे घालून, म्हणजे नगरपालिकेत, धंद्याची परवानगी काढली आणि एका म्हाताऱ्या मासेवाल्याकडून त्याचा डिझेलचा लहान ट्रक घेतला. हा ट्रक माझ्यापेक्षा वयाने पुष्कळ मोठा होता. पुढे तिघांना बसायची सलग सीट, मागे ओट्यासकट डबा. त्याला खारवलेल्या हेरिंगचा वास इतका मुरलेला होता की चिपळूणची असूनही आईने नाकाला पदर लावला. तिने आठवडाभर आत धूप जाळला. त्यानंतर ट्रकला धूप घातलेल्या हेरिंगचा वास येऊ लागला. पुढे फोडण्यांनी तो मारला. त्या ट्रकमधून आई अ‍ॅमस्टेलव्हीनच्या मराठी घरांना डबे पोचवायची, शनिवारी लांबच्या गावांना जायची. रेल्वेने अगदी गरजेशिवाय येऊ नका असं सरकार सांगत होतं, आणि सरकार म्हणत नव्हतं तेव्हाही आमटीचं पातेलं घेऊन रेल्वेत कोण चढणार? स्टिअरिंगवर बसलेली आई मला वेगळी दिसायची. घरात ती कुणाची तरी कुणीतरी असायची, तिथे नसायची.

ट्रकमध्ये एकच मोठी खोड होती. डिझेलचा काटा मेलेला होता. टाकी काठोकाठ भरली तरी तो तळाच्या लाल रेघेवर पडून. मासेवाल्याने हसत 'तो झोपलाय' म्हणून सांगितलं होतं आणि आईने ते मनावर घेतलं नव्हतं. पडद्याची एक लाकडी काठी होती, ती टाकीच्या तोंडातून आत सोडायची, बाहेर काढून किती ओली झाली ते बघायचं आणि पुसून सीटमागे ठेवायची. लोणच्याच्या बरणीत वाकून बघावं तितक्या सहजपणे ती हे करायची.

आर्नहेमला शुभदा राहायची. सांगलीची मुलगी, नवरा निखिल तिथे एका वीज कंपनीत. गणपतीत ओळख झाली आणि तिने आईला 'मीनाताई' म्हणायला सुरुवात केली. त्या थंडीत तिला मुलगी झाली. बाळंतपणाला तिची आई येणार होती, बॅग भरून तयार होती, पण विमानंच बंद झाली. शुभदाच्या आईने, म्हणजे काकूंनी, सांगलीहून फोन केला तेव्हा आई पोळ्या लाटत होती आणि फोन स्पीकरवर होता, म्हणून मी सगळं ऐकलं. काकू म्हणाल्या, "पहिलटकरीण आहे हो. एकटी आहे. तिला कोण काय करून घालणार?" आई म्हणाली, "मी आहे ना. सव्वा महिना दर शनिवारी जाईन. डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, बाळंतशेप, सगळं नेईन. बाळाला तेल लावून देईन. तुम्ही जिवाला घोर लावून घेऊ नका."  काकू म्हणाल्या, "तुम्ही आहात म्हणून आज झोप लागेल." आईने फोन ठेवला आणि पोळी करपली. आमच्याकडे पोळी करपणं ही साधी गोष्ट नव्हती.

पहिल्या खेपेच्या आदल्या संध्याकाळी आईने काठी घालून बघितली. काठीचं टोक तेवढं ओलं होतं. तिचे हात डिंकाने आणि गुळाने भरलेले, म्हणून तिने मला हाक मारली, "सई, बाबांना जाऊन सांग, डिझेल वाढलंय." बाळंतिणीच्या घरी जायच्या आदल्या दिवशी ती दुसरा कुठला शब्द वापरणं शक्यच नव्हतं. मी वर गेले. बाबा इस्त्रीच्या टेबलामागे, एका कानावर हेडफोन. मी त्यांच्या दुसऱ्या कानात सांगितलं, "आई सेज द डिझेल हॅज गॉन अप." बाबांनी माइक बंद केला, पुणेरी डोक्याने क्षणभर विचार केला आणि म्हणाले, "मग आत्ता कशाला भरायचं? सोमवारी बघू, उतरेल भाव." मी खाली येऊन आईला सांगितलं, "ही विल हँडल इट." आई निश्चिंत झाली. बाबा निश्चिंत झाले. मी तर होतेच. यात चूक नेमकी कुणाची हे आमच्या घरात पुढे वर्षानुवर्षं दर दिवाळीला चर्चेला येई आणि कधी ठरलं नाही.

शनिवारी उट्रेख्त मागे टाकल्यावर, दोन्ही बाजूंना सपाट ओली कुरणं असलेल्या ठिकाणी, ट्रक दोनदा खोकला आणि गप्प झाला. आईने तो कडेच्या पट्ट्यावर घेतला. काटा लाल रेघेवर होता, पण तो नेहमीच तिथे असे. आईने काठी आत घातली. कोरडी ठणठणीत निघाली. "बाबांनी भरलं नाही?" "बट यू सेड इट वेन्ट अप!" मी म्हणाले. आई माझ्याकडे बघतच राहिली. मग तिने फोन लावला आणि बाबांना एकच प्रश्न विचारला, "अहो, सईने तुम्हाला काल काय सांगितलं?" पलीकडून भावाबद्दल काहीतरी ऐकू आलं. आई इतकी हताश झाली की तिला रागावताही येईना.

पिवळं जाकीट घातलेला मदतनीस बऱ्याच उशिरा आला. डिझेलच्या गाडीचं तेल पार संपलं की नळीत हवा शिरते आणि ती पंपून बाहेर काढल्याशिवाय इंजिन चालू होत नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्याने जेमतेम परतण्यापुरतं डिझेल घातलं आणि काटा दुरुस्त केल्याशिवाय हा ट्रक पुन्हा मोठ्या रस्त्यावर आणू नका म्हणून बजावलं. तोवर दिवस कलला होता, आणि त्या दिवसांत रात्री नऊनंतर रस्त्यावर दिसायची बंदी होती. आईने ट्रक वळवला. मागे खिरीचं पातेलं डुचमळत होतं. शुभदा फोनवर म्हणाली, "अहो ताई, काही हरकत नाही, खरंच," आणि 'खरंच' म्हणताना तिचा आवाज फाटला. तिची आई तिकडे सांगलीत फोन घेऊन बसलेली होती, लेकीच्या ताटात काय पडलं ते बघायला. ती खीर आम्ही तिघांनी रात्री खाल्ली. कुणाच्या तरी हक्काचं खातोय असं वाटत राहिलं.

जेवताना बाबा म्हणाले, "मीना, विकून टाकू हा ट्रक. भंगार आहे. उद्या ब्रेक जातील." आईने खिरीची वाटी बाजूला सारली. मग म्हणाली, "पुढच्या शनिवारपर्यंत काटा हलला तर ठेवायचा. नाही हलला तर विका. मी पुन्हा कुणाला येते म्हणून सांगणार नाही." तिने हे इतक्या शांतपणे सांगितलं की मला भीती वाटली. ट्रक गेला असता तर डबे गेले असते आणि आई पुन्हा त्या कागदावरच्या शब्दात जाऊन बसली असती. शुभदाचं काय झालं असतं ते तर विचारायलाच नको.

नवीन सुटा भाग मिळतो का ते बाबांनी शोधलं. इतक्या जुन्या गाडीचा भाग मुळात दुर्मीळ, आणि त्या काळात साधा पडद्याचा बारही महिनोन्महिने येत नसे. तेव्हा बाबांनी बाह्या सरसावल्या. "मी मूळचा मेकॅनिकल," हे वाक्य मी जन्मापासून ऐकत आले होते, विशेषतः बल्ब बदलताना. पदवी घेतल्यापासून त्यांनी पाना हातात धरला नव्हता. आई म्हणाली, "मूळचे असाल हो, पण शेंडा आयटीत आहे ना." रविवारी सकाळी बाबा माझी जुनी गादी घेऊन भुरभुर पावसात ट्रकखाली शिरले. टाकी दोन पट्ट्यांवर टांगलेली होती. होतं नव्हतं ते डिझेल कॅनमध्ये काढून त्यांनी पट्टे सोडले, टाकी गादीवर उतरवली आणि तिच्या डोक्यावरच्या गोल झाकणाचे स्क्रू एकेक करून काढले. झाकणाबरोबर एक लांब तारेचा हात बाहेर आला आणि हाताच्या टोकाला लिंबाएवढा पितळी गोळा. बाबा गटारीकडेच्या दगडावर बसून मला समजावू लागले. हा गोळा पोकळ असतो, तो डिझेलवर तरंगतो. डिझेल खाली गेलं की तोही खाली जातो, हात वाकतो, हाताचं दुसरं टोक या बारीक तारेच्या पट्टीवर सरकतं आणि तेवढी वीज काट्याला मिळते. बस्स, इतकंच. त्यांच्या चेहऱ्यावर मी पहिल्यांदाच असा आनंद बघितला. लॅपटॉपसमोर तो कधी दिसला नव्हता.

गोळा आईने हातात घेतला, कानाशी धरला आणि बाजारात नारळ हलवून बघतात तसा हलवला. "यात पाणी आहे," ती म्हणाली. पाणी नव्हतं, डिझेल होतं, पण निदान बरोबर होतं. गोळ्याला कुठेतरी चीर गेली होती, आत डिझेल भरलं होतं आणि तो तरंगायचा सोडून तळाशी जाऊन बसला होता. चीर डोळ्यांना दिसेना. बाबांनी कढत पाणी मागितलं. आईने जड मनाने एक पातेलं काढून दिलं, "हे आता माझ्या स्वयंपाकातून गेलं म्हणून समजा." गोळा कढत पाण्यात बुडवला तसा शिवणीपाशी एक बारीक बुडबुडा आला, मग दुसरा. आम्ही तिघं त्या पातेल्यावर डोकी वाकवून बघत होतो. आतलं डिझेल बाहेर यायला एक भोक पाडावं लागणार होतं. बाबा ड्रिल घेऊन घुटमळले. आई म्हणाली, "वाढवा आता तो."

बाबा हसायला लागले. आदल्या दिवसापासून घरात कुणी हसलंच नव्हतं. मला काही कळेना, मी 'व्हॉट्स सो फनी?' म्हणून विचारलं, तेव्हा आईने मला त्या गटारीकडेच्या दगडावर बसवून पहिल्यांदा नीट सांगितलं की वाढणं म्हणजे काय. काय बोलू नये, का बोलू नये, आणि जे उणं झालंय त्याला आपण अधिक का म्हणतो. "भरलेल्या घराची सवय जिभेला असावी," ती म्हणाली. तोपर्यंत मला वाटत होतं की आमच्या घरात दिवे मोठे करतात.

गोळा रिकामा करून, साबणाच्या पाण्यात पुन्हा पुन्हा उकळून वाळवला. बाबांचा कॉलेजातला डाग द्यायचा सोल्डरिंग आयर्न सुटकेसच्या तळाशी, इतकी वर्षं न वापरता, या देशात आला होता. पण पितळ इतकं काळवंडलेलं होतं की कथील धरेना, नुसतं घरंगळून जाई. बाबांनी कपाळाला हात लावला. आई आत गेली, चिंचेचा कोळ घेऊन आली आणि देवाची भांडी घासावीत तसा तिने तो गोळा घासला. लखलखीत. धुऊन, पुसून दिला. मग कथील बसलं, चिरेवरही आणि भोकावरही. बादलीभर पाण्यात सोडला तर टुणकन वर आला.

बाबांनी तारेची पट्टीसुद्धा सोडवून साफ केली, सगळं जोडलं, टाकी वर चढवली, आधीचं कॅनमधलं थोडंसं डिझेल परत ओतलं. आई स्टिअरिंगवर बसली. किल्ली फिरवली. इतकी वर्षं झोपलेला काटा थरथरला, उठला आणि चढत चढत थेट वर जाऊन टेकला. "फुल्ल!" बाबा खालून ओरडले. "फुल्ल!" मी ओरडले. आईने काही न बोलता काठी काढली आणि टाकीत घातली. टोक तेवढं ओलं.  पट्टी परत बसवताना बाबांनी उलटी बसवली होती, त्यामुळे रिकाम्याला काटा भरलेलं म्हणत होता. मला वाटलं, झालं, आता विकणार. आई काट्याकडे बघत होती. मग म्हणाली, "मराठी शिकला हो हा. डिझेल वाढलंय म्हणतोय."

टाकी पुन्हा उतरवली, पट्टी सुलटी केली. या खेपेला किल्ली फिरवल्यावर काटा हलला, डळमळला आणि लाल रेघेच्या जरासा वर येऊन थांबला. रिकामी टाकी बघून आमच्याइतकं आनंदलेलं कुटुंब त्या देशात दुसरं नसेल. समोरच्या घरातल्या बाईंनी खिडकीतून अंगठा दाखवला. बाबांनी कॅन भरून आणला, ओतायला लागले आणि आत मी मोठ्याने सांगत राहिले, "इट्स गोइंग अप! इट्स गोइंग अप!" बाबांनी बाहेरून विचारलं, "कुठल्या अर्थाने?"

शनिवारी आम्ही तिघंही निघालो. सारा रस्ता मी काट्याकडे बघत होते. तो हळूहळू, समजूतदारपणे उतरत होता आणि त्याच्या त्या उतरण्याने मला इतकं बरं वाटत होतं की सांगता येत नाही. मागच्या वेळी बंद पडलो ती कुरणं आली आणि गेली, आईने तिकडे मान वळवली नाही. आर्नहेमला पोचलो. तेव्हाच्या नियमाने घरात एकच पाहुणा चाले. आई मास्क लावून, लाडवांचा डबा आणि खिरीचं पातेलं घेऊन आत गेली, "येते" म्हणून. बाबा आणि मी रस्त्यावर उभे. शेजारच्या एका आजींनी दाराच्या पायरीवर बशी ठेवली आणि मागे सरकल्या. कुणाकडे बाळ झालं की तिकडे कुरकुरीत गोल टोस्टवर लोणी लावून त्यावर साखरेत घोळवलेले बडीशेपेसारखे दाणे पेरून देतात. मौशेस म्हणतात त्याला, म्हणजे छोटे उंदीर. आजी म्हणाल्या, बाळाच्या आईला दूध यावं म्हणून. मी चावले आणि थबकले. आईने आदल्या दिवशी शुभदासाठी भाजलेल्या बाळंतशेपेचा वास होता तो.

मग वर खिडकी उघडली. शुभदा दिसली, केस विस्कटलेले, हातात गुंडाळलेलं बाळ. निखिल शेजारी फोन धरून उभा होता आणि फोनमध्ये काकू होत्या. आत आईने वाटी पुढे केली. शुभदाने उभ्यानेच पहिला घास घेतला आणि फोनमधून काकूंचा आवाज रस्त्यावर आम्हाला ऐकू आला, "गरम आहे का गं? गरम आहे ना?" शुभदाने मान हलवली. ती रडत होती आणि खात होती. बाबांनी चष्मा काढून पुसला. माझ्या छातीवरून त्या आठवड्याचं ओझं उतरलं, अगदी उतरल्याचं जाणवलं. आई वाचली होती, ट्रक वाचला होता, आणि ती बाई सांगलीत आज झोपणार होती.

आई पुढेही सांगितल्याप्रमाणे सव्वा महिना गेली, आणि ट्रक त्यानंतर बरीच वर्षं चालला. आजच्या गाड्यांना टाकीच नसते, काटाही नसतो, पडद्यावर आकडा दिसतो आणि कुणाचा गैरसमज होत नाही. तो पितळी गोळा मी मागून घेतला. माझ्या स्वयंपाकघरात मिठाच्या बरणीशेजारी असतो, कथलाच्या दोन टेंगळांसकट, आणि मी त्याला दिवाळीला चिंच लावते.

त्या दिवशी परतताना बाबा चालवत होते. मधे आई डोकं मागे टेकून झोपली होती, रिकामं पातेलं मांडीवर. ऊन खाली आलं होतं आणि कुरणांवर बगळे उभे होते. काटा लाल रेघेच्या जवळ आला. मला इंग्रजी शब्द आधी सुचला, मग डच. मी दोन्ही बाजूला ठेवले आणि हळू आवाजात म्हणाले, "बाबा, डिझेल वाढत आलंय."

बाबांनी माझ्याकडे बघितलं, काट्याकडे बघितलं. आई डोळे मिटूनच पुटपुटली, "काय म्हणाली ती?"

"वाढत आलंय म्हणाली," बाबा म्हणाले, आणि काही न विचारता त्यांनी पंपाकडे वळायचा इंडिकेटर दिला.